सतरा आठे

ता. ६ एप्रिल

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

तुझं पत्र येऊन तीन आठवडे झाले आणि उत्तर आत्ता लिहितोय, तेव्हा आधी मनसोक्त शिव्या घालून घे आणि मग पुढे वाच. उशिराचं कारण असं की उजव्या हाताची तीन बोटं सुजली होती. ती शिंप्याच्या तोंडावर बसली होती.

झालं असं की सकाळी तरणतलावावर मुलांचा सराव चालू होता. शिंप्याची मुलगी लेन सोडून आपल्या भिंगरीच्या लेनमध्ये घुसली, दोघींची डोकी आपटली, आपलीचा ओठ फुटला. मी नुसता विचारायला गेलो होतो, अगदी सभ्यपणे. तर शिंपी म्हणाला की पंपवाल्याच्या पोरीला अख्खा तलाव बापाचा वाटतो. मग मी त्याच्या मुस्कटात दिली. त्याने मला कठड्यावर ढकललं, मी त्याचा एक दात पाडला, दोघंही पाण्यात पडलो आणि तिथेही एकमेकांच्या नरडीला धरूनच होतो. शेवटी पोहायला शिकवतात त्या मास्तरीणबाईंनी बुडणाऱ्यांना काढायचा बांबू आमच्या मध्ये घालून आम्हाला वेगळं केलं. पाणी लाल झालं म्हणून मला दुप्पट क्लोरीन टाकावं लागलं. भांडण मीच केलं आणि पाणीही मीच साफ केलं, हस आता.

आता कामाचं. भिंगरीला नऊ पूर्ण झाली. एक जूनला शंभर मीटरची शर्यत आहे. तिचं वळण तू बघायला हवंस. भिंतीशी आली की पाण्यातच कोलांटी घेते, दोन्ही टाचा भिंतीवर मारते आणि अशी सुटते की मोठी मुलंसुद्धा बघत राहतात. उगाच नाही नाव पडलं. पण श्वास घ्यायला दर खेपेला अख्खं डोकं वर काढते, दारावर कोण आलंय ते बघितल्यासारखं, आणि तिथे मार खाते. तिला एक मिनिट एकतीस सेकंद लागतात. शिंप्याचीला सव्वीस. तू या वयात पहिली आली होतीस. तुझा कप अजून पंपघरात आहे, मी त्यात नटबोल्ट ठेवतो. तर तिच्यासाठी चार गोष्टी लिहून पाठव.

परवा पोरगी मध्येच थांबून रडायला लागली. पोटऱ्यांवर ओली दोरी दोनदा ओढली, मग बघ कशी गेली सरळ. तुझी वहिनी दोन दिवस माझ्याशी बोलत नाही. आपण काय कमी मार खाल्ला? काय बिघडलं आपलं?

आहे तो लोभ मला पुरतो, फक्त त्यात काटछाट करू नकोस.

तुझा
दादा


ता. १४ एप्रिल

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

शिंप्याचा दात पडल्याचं वाचून वाईट वाटलं. तुझा एकही पडला नाही याचं जास्त वाईट वाटलं. चाळिशी आली तरी हात तोंडाच्या आधी चालतो तुझा. आता नवे कपडे कोणाकडून शिवून घेणार आहेस?

इकडे धुलाईच्या कारखान्यात तुझ्याहून भयंकर प्रकार झाला. दवाखान्याच्या चादरी ज्या गरम रोलरमधून काढतो, त्यात माझ्या शेजारणीची दोन बोटं गेली. ती माझ्या डाव्या बाजूला उभी होती, म्हणून तिचं ओरडणं मला उशिरा कळलं. समोरची घाबरून तिच्याकडे बघतेय हे दिसलं तेव्हा मी वळले आणि कोपराने बटण बंद केलं. बोटं राहिली, पण नखं गेली. तेव्हापासून मी त्या रोलरला माझा उजवा कान देऊन उभी राहते.

आता भिंगरीचं. ती डोकं वर काढते कारण पाण्यात असताना ती हवा सोडतच नाही. छाती भरलेली, मग वर येऊन आधी सोडायची आणि मग घ्यायची, एवढ्याला वेळ लागणारच. तिला सांग, तोंड पाण्यात असताना गुणगुणायचं. खरंच गाणं म्हणायचं, ओठ मिटून. गुणगुण चालू म्हणजे हवा आपोआप बाहेर जाते. मग डोकं उचलायचं नाही, नुसतं कुशीवर वळल्यासारखं वळवायचं, एक डोळा पाण्यात आणि एक बाहेर. आधी घरी बादलीत तोंड घालून शिकू दे. दिवसाला दहा मिनिटं पुरे. चुकली तर हसू दे तिला.

दोरी फेकून दे. मी गंमत करत नाही. आणि एक विचारते, त्याचं सरळ उत्तर पाठव. तू तिला पाढा तर सुरू केला नाहीस ना?

वहिनीला नमस्कार, भिंगरीचे दोन पापे घे. माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी
धाकटी


ता. २५ एप्रिल

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि. (असं लिहायचं असतं असं बाबांनी सांगितलं, पण त्यांना पूर्ण म्हणजे काय ते येत नाही.)

तुझी गुणगुणीची युक्ती मला खूप आवडली. मी पाण्यात एकच गाणं म्हणते, चार ओळींत अर्धी लांबी होते. मास्तरीणबाई म्हणाल्या की माझ्यामागे सोडावॉटर सांडल्यासारखे बुडबुडे येतात. आता मला एक मिनिट अठ्ठावीस लागतात. शिंपीकाकांच्या मुलीशी माझी गट्टी झाली आहे पण ते बाबांना सांगू नकोस.

दुपारी तलाव बंद असतो आणि आईची बसवर दुपारची पाळी असते, तिकिटांची. तेव्हा बाबा मला पंपघरामागच्या जुन्या लोखंडी टाकीत दम वाढवायला नेतात. बाबा माझ्यासमोर कमरेएवढ्या पाण्यात उभे राहतात. मी त्यांच्याकडे डोकं करून पालथी तरंगते. मग ते माझ्या मानेवर हात ठेवून दाबतात आणि सतराचा पाढा म्हणतात. पाढा संपला की सोडतात. फारच झालं तर मी टाकीच्या पत्र्यावर दोनदा ठोकायचं, म्हणजे ते सोडतात. पण पंप चालू असला की त्यांना ते ऐकू येत नाही.

आत्या, एक अडचण आहे. बाबा सतरा आठेला अडकतात. नेहमीच. मग त्यांना पहिल्यापासून म्हणावं लागतं, कारण आजोबांचा तसा नियम होता. मला सतरा आठे किती ते येतं, पण मी तेव्हा पाण्यात असते.

गुरुवारी ते दोनदा अडकले. मी ठोकलं, मग त्यांच्या पायाला नखं लावली. मी वर आले तेव्हा नाकातून पाणी आलं आणि थोडं रक्त. आईला माझ्या मानेवरचे वळ दिसले. तिने बाबांना पातेलं फेकून मारलं, त्यांच्या भुवईला तीन टाके पडले. बाबा म्हणाले की तूसुद्धा असंच करून पहिली आलीस. तुझ्या वेळी कोणता पाढा होता? सोपा होता का?

माझ्यावर भरपूर लोभ असू दे, मला लागतो.

तुझी
भिंगरी


ता. ३० एप्रिल

ती. दादास,
नमस्कार. बाकीचं आज हातून लिहवत नाही.

पोरीचं पत्र आलं. मी ते कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत वाचलं आणि डबा तसाच बंद केला. मी सरळ विचारलं होतं आणि तू सरळ गप्प बसलास.

तू विसरला असशील तर सांगते, सगळं सांगते, कारण आजवर आपण दोघांनी ते कधी मोठ्याने म्हटलेलं नाही. मी नऊ वर्षांची होते, तू तेरा. हीच टाकी. बाबा काठावर ओली दोरी घेऊन बसलेले, तू पाण्यात, तुझा हात माझ्या मानेवर. पाढा तू म्हणायचास. सतरा आठेला अडकलास की बाबा तुझ्या पाठीवर दोरी ओढायचे आणि तू परत सतरा एके सतरापासून. त्या दिवशी तू तीनदा अडकलास. मी दोनदा ठोकलं. मग आणखी ठोकलं. किती ते मला आठवत नाही, कारण मग सगळं काळं झालं.

बाहेर काढलं तेव्हा माझे ओठ निळे होते असं नंतर कळलं. मला शुद्धीवर आणायला बाबांनी थोबाडीत मारल्या. तिसरीला डावा कान फुटला. आठ दिवसांनी कानात कापूस घालून मी शर्यतीत उतरले आणि पहिली आले. कशी आले ते ऐक. मला वाटत होतं की दुसरी आले तर परत टाकीत जावं लागेल. मी पोहत नव्हते, पळत होते. कप घेतला आणि त्यानंतर आजतागायत पाण्यात पाऊल टाकलं नाही. तोंड धुताना अजून डोळे उघडे ठेवते. हे तुझं 'काय बिघडलं'.

तुला मी कधी दोष दिला नाही. त्याच संध्याकाळी तू माझ्या अंथरुणाशी येऊन रडत म्हणालास की पंप चालू होता, तुला ठोके ऐकूच आले नाहीत. मी ते धरून ठेवलं. त्याच एका वाक्यावर इतकी वर्षं तुला दर महिन्याला तीर्थरूप लिहीत आले.

आता मात्र नीट ऐक. पुन्हा तिच्या मानेला हात लावलास तर मी तिथे येईन, तुझ्या हाताला धरून तुला इकडे आणीन आणि तुझी पाचही बोटं आमच्या रोलरमध्ये घालीन. आणि या वेळी बटण बंद करणार नाही. मी माणसांना मारत नाही हे तुला माहीत आहे. पण मीही त्याच बापाची मुलगी आहे.

सतरा आठे एकशे छत्तीस. पंपघराच्या भिंतीवर खडूने लिहून ठेव.

लोभाचं तू ठरव.

धाकटी


ता. ७ मे

धाकटीस,

आशीर्वाद वगैरे गृहीत धर.

तुझं पत्र वाचलं आणि भट्टीत घातलं. घरातल्या गोष्टी बाहेर लिहिल्या म्हणून पोरीच्या दोन थोबाडीत दिल्या. तुझी वहिनी मध्ये पडली, एक तिलाही बसली. तिने माझ्या दंडाचा असा चावा घेतला की दातांचे ठसे अजून मोजता येतात. मग मी आरसा फोडला. आता दाढी करताना पाच तुकड्यांत पाच पंपवाले दिसतात. असं चाललंय तुझ्या कृपेने.

कोणामुळे पहिली आलीस? बाबांमुळे. कारखान्यात अजूनही कोणी विचारलं तर सांगतेस ना की लहानपणी कप मिळवला होता? मग तो कुठून आला? मला तर तोही मिळाला नाही. मला नुसती पाठ मिळाली. मी या पंपघरात बावीस वर्षं दुसऱ्यांच्या पोरांसाठी पाणी स्वच्छ करतोय, एकदा माझी पोर त्या पाण्यातून पहिली बाहेर आलेली मला बघायची आहे. एवढं मागणं जास्त आहे का? आणि फरक पडतोय. परवा एक मिनिट पंचवीस. शिंप्याचीपेक्षा एक सेकंद कमी. ते तुझ्या गुणगुणण्याने झालं नाही.

मला ठोके ऐकू आले नव्हते. हे तुला तेव्हाच सांगितलं होतं. पुन्हा पुन्हा विचारू नकोस. आणि भिंतीवर पाढे लिहायला मी काही पहिलीतला पोर नाही.

शर्यत होईपर्यंत पोरीला पत्र पाठवायचं नाही. आलं तर मी फाडीन.

दादा


ता. १२ मे

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

हे पत्र मी मास्तरीणबाईंच्या पत्त्यावर पाठवते आहे. त्या तुला तलावावर देतील, तिथेच वाच आणि त्यांच्याकडेच ठेव. त्यांनाही मी वेगळं लिहिलं आहे, की दुपारी तलाव बंद असताना पंपघराकडे लक्ष ठेवा. तुझ्या आईच्या डेपोतही पत्र टाकलं आहे. मला रजा मिळाली की मी येणार आहे, पण मुकादम म्हणतो की बोटं चेमटलेली बाई कामावर येईपर्यंत सुट्टी नाही. म्हणून तोवरचं सांगते.

माझ्या वेळीही सतराचाच पाढा होता. सोपा नव्हता.

बाबा टाकीकडे बोलवतील तेव्हा आधी नाही म्हण. मोठ्याने म्हण. मास्तरीणबाईंकडे पळून जा, ओली असलीस तरी तशीच पळ. याला बापाचं न ऐकणं म्हणत नाहीत, त्याची काळजी तू करू नकोस.

पण कधी पाण्यात असलीस, हात मानेवर असला आणि दोन ठोके मारूनही सुटला नाही, तर नीट लक्षात ठेव. वर यायची धडपड करायची नाही. मी तेच केलं होतं, आणि दाबणाऱ्याचा जोर तिथेच असतो. तू खाली जा. ते खाली दाबतायत ना, तू त्याच बाजूला जा, हनुवटी छातीला लाव, गुडघे पोटाशी घे आणि तुझी कोलांटी मार. जशी भिंतीशी मारतेस तशी. हात सुटेल. मग तुझ्या टाचांसमोर जे काही येईल ती भिंत समज. ते बाबा आहेत असा विचार करायचा नाही. शर्यतीत मारतेस तशी दोन्ही टाचांनी मार आणि सूट.

हे मी लिहिताना मला रडू येतंय, ते कागदावरून तुला कळलंच असेल. मी तुझ्या बाबांची बहीण आहे. लहानपणी माझ्या वाटणीची छडीसुद्धा त्याने अंगावर घेतलेली आहे, आणि मला तो आवडतो. तरी मार. तो मोठा आहे, त्याला लागलं तरी बरं होतं. तुझं जे बिघडेल ते बरं होणार नाही.

लोभ आहे, तुला हवा तेवढा आणि वर थोडा.

तुझी
आत्या


ता. २२ मे

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

मी भिंत समजून मारलं. आता सगळं ओळीने सांगते, कारण मास्तरीणबाई म्हणाल्या की लिहून काढलं की बरं वाटतं.

मंगळवारी मी नाही म्हटलं. मोठ्याने म्हटलं. बाबांनी मला कमरेला धरून उचललं. मी त्यांच्या मनगटाला चावले, तरी सोडलं नाही. टाकीत टाकलं तेव्हा मी श्वाससुद्धा नीट घेतला नव्हता. ते म्हणाले की दहाच दिवस राहिलेत, आज एकदाच, आणि मी अडकणार नाही. मग पाढा सुरू केला. पाण्याखालून पाढा ऐकू येतो, आत्या, पण शब्द जाडे होतात. सतरा साते झालं आणि ते थांबले. मला कळलं. मी दोनदा ठोकलं. परत सतरा एके सतरा सुरू झालं.

मी वर यायला गेले, मग तुझं आठवलं. मी खाली गेले, कोलांटी मारली, त्यांची नखं मानेवरून ओरखडत गेली पण हात सुटला. समोर टाचांना काहीतरी लागलं आणि मी पूर्ण जोर लावून मारलं. कडकन आवाज आला. आवाज पाण्यातून आला की पायातून, ते माहीत नाही.

मी वर आले, शिडी धरली आणि खूप खोकले. बाबा दिसत नव्हते. पाणी लाल होत होतं. त्यांच्यामागे व्हॉल्व्हचं लोखंडी चाक आहे ना, त्याच्यावर त्यांचं डोकं आपटलं होतं आणि ते खाली गेले होते. टाकीच्या खोलीचं दार उघडं होतं. मला पळायचं होतं. मी दोन पायऱ्या चढलेही. मग ठोके ऐकू आले. दोन. पंप चालू होता तरी आले.

मग मी परत उडी मारली. त्यांच्या हनुवटीखाली हात घालून तोंड वर काढलं, जसं मास्तरीणबाईंनी शिकवलं आहे तसं. ते फार जड होते. तोंडातून रक्त येत होतं आणि एक दात माझ्या हातात आला. मी ओरडत राहिले. ओरडून दम लागला की मध्ये मध्ये सतराचा पाढा म्हटला, म्हणजे मला कळावं की किती वेळ झाला. पाचव्यांदा पाढा चालू असताना मास्तरीणबाई बांबू घेऊन आल्या, त्यांच्यामागे शिंपीकाका. दोघांनी मिळून बाबांना ओढून बाहेर काढलं. शिंपीकाकांनी त्यांना पालथं घालून पाठीवर बुक्के मारले. थोडे जास्तच मारले असं मला वाटलं.

बाबांचे पुढचे तीन दात गेले, गळ्याजवळचं हाड मोडलं आणि डोक्याला चौदा टाके आहेत. ते दवाखान्यात आहेत. आईने त्यांची पिशवी भरून दवाखान्यात नेऊन ठेवली आणि सांगितलं की घरी यायचं नाही. टाकीचं पाणी सोडून दिलं. मास्तरीणबाईंनी दाराला कुलूप लावलं आणि किल्ली स्वतःकडे ठेवली.

मी वाईट मुलगी आहे का? खरं सांग. आई नाही म्हणते, पण ती आई आहे.

लोभ कमी झाला असेल तरी कळव.

तुझी
भिंगरी


ता. १० जून

चि. धाकटीस,

आशीर्वाद द्यायचा मला आता काय अधिकार, पण मान वाकवून नमस्कार करायला गळ्याचं हाड परवानगी देत नाही, म्हणून तसंच सुरू करतो. उजवा हात बांधलेला आहे. हे डाव्या हाताने लिहितोय, अक्षर पहिलीतल्या पोरासारखं आलं तर हसू नकोस. त्या शब्दावरून मीच एकदा ऐट मारली होती.

तू येऊन गेलीस हे मला नर्सने सांगितलं. दाराच्या काचेतून बघितलंस आणि आत न येता गेलीस. बरोबर केलंस. पोरीला कुशीत घेऊन तू सांगितलंस की ती वाईट मुलगी नाही, हेही कळलं. ते सांगणारं कोणीतरी हवंच होतं, आणि ते मी असू शकत नव्हतो.

शर्यत झाली. मी गेलो नाही, मला कोणी बोलावलंही नाही. शिंपी आला होता सांगायला. दवाखान्यात माझ्या उशाशी बसला, दोघांचे मिळून चार दात कमी, त्यामुळे बोलणं समजायला जरा वेळ लागला. त्याची मुलगी पहिली आली. भिंगरी चौथी आली. वळणावर सगळ्यांच्या पुढे होती म्हणे, मग दमली. शेवटी भिंतीला हात लावून वर आली आणि शिंप्याच्या मुलीच्या गळ्यात पडून हसत सुटली. शिंपी म्हणाला की पोरगी संपूर्ण शंभर मीटर गुणगुणत होती, काठावरून बुडबुडे मोजता येत होते. ते ऐकून मी चादर तोंडावर घेतली. शिंपी शहाणा, उठून गेला.

तुझी वहिनी येते, डबा ठेवते, बोलत नाही. मी विचारलंही नाही की घरी कधी येऊ. डोकं बरं झालं की शिंप्याच्या दुकानामागच्या खोलीत राहणार आहे. नोकरी राहील असं वाटत नाही. पंपघरातला तुझा कप मी मास्तरीणबाईंकडून मागवून घेतला, नटबोल्ट काढले आणि तुझ्याकडे पाठवतोय. ठेवायचा तर ठेव, नाहीतर रोलरमध्ये घाल.

आता ज्यासाठी पत्र लिहायला घेतलं ते.

टाकीत मी खाली गेलो तेव्हा मला शुद्ध होती. हात उचलत नव्हता, वर खाली कळत नव्हतं, तोंडात रक्त आणि पाणी. मी दोनदा ठोकलं. माझ्या हाताला दुसरं काही सुचलंच नाही. वर नऊ वर्षांची पोर, मी तिला काय काय केलेलं, पुढ्यात उघडं दार. तिने दोन ठोके ऐकले आणि ती आली. पंप चालू होता, धाकटे. नेहमीसारखाच चालू होता.

तेव्हापासून मी झोपलो नाही. तू त्या एका वाक्यावर मला इतकी वर्षं पत्रं लिहीत आलीस, म्हणून ते वाक्य आता परत घेतो. त्या दिवशी माझा उजवा हात तुझ्या मानेवर होता आणि डावा टाकीच्या काठावर. टाकी लोखंडाची आहे. ठोका कानाला नाही कळला तरी तळहाताला कळतो. पाठीवर दोरी बसत होती आणि मला सतरा आठे आठवत नव्हतं, पण ते आठवत नव्हतं कारण मी दुसरंच मोजत होतो. तू लिहिलंस की किती ते तुला आठवत नाही.

अकरा होते.

यापुढे तू लिहिलंस तर वाचीन. नाही लिहिलंस तर का ते मला ठाऊक असेल.

तुझा
दादा